लेव्ह गेला, युरो आला; पण हातचं नेमकं काय गेलं?

बल्गेरियातल्या दुकानदारांना ऑगस्ट २०२५ पासून वर्षभर प्रत्येक वस्तूवर दोन किमती लावणं सक्तीचं झालं, एक लेव्हमध्ये आणि एक युरोत. समजा, राजधानी सोफियातल्या एखाद्या टपरीवर कॉफी २.५० लेव्हला मिळते. एका युरोला १.९५५८३ लेव्ह हा कायद्याने पक्का केलेला दर. हिशेब करताना त्यातले मागचे आकडे सोयीसाठी उडवायचे नाहीत. भागाकार केला की उत्तर येतं १.२७८, म्हणजे पाटीवर १.२८ युरो. १ जानेवारी २०२६ ला बल्गेरिया युरो वापरणारा २१ वा देश झाला आणि हीच पाटी खरी झाली.

मेख अशी की १.२८ हा आकडा दिसायला किंमतीसारखा दिसतच नाही. कॉफी विकणाऱ्याला १.३० बरे वाटतात, सुट्ट्याची कटकटही कमी. तेवढं केलं तर वाढ होते दीड-पावणेदोन टक्क्यांची. पण त्याने हात थोडा सैल सोडून १.५० लिहिले, तर कॉफी एका रात्रीत सतरा टक्क्यांनी महाग. आणि गिऱ्हाइकाला मात्र २.५० च्या जागी १.५० दिसतात, म्हणजे वरवर पाहिलं तर स्वस्तच. त्याच वेळी ज्याचा पगार २,००० लेव्ह होता त्याच्या खात्यात १,०२२ युरो आणि काही सेंट जमा होतात. गणिताने काहीच बदललेलं नाही, पण आकडा निम्म्यावर आलेला पाहून माणसाला धस्स होतंच.

नवीन देश युरोत आला की बातम्यांचा नव्वद टक्के भाग या कॉफीबद्दलच असतो. माझ्या मते खरा मामला कॉफीचा नाहीच. पण लोकांचा जीव तिच्यात अडकलेला असतो, म्हणून आधी ती संपवू.

कॉफी खरंच महागली का?

२००२ साली युरोच्या नोटा-नाणी पहिल्यांदा हातात आली तेव्हा जर्मन लोकांनी त्याला 'टॉयरो' असं नाव ठेवलं. जर्मनमध्ये 'टॉयर' म्हणजे महाग. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने नंतर हिशेब मांडला, तेव्हा चलनबदलामुळे झालेली भाववाढ ०.१ ते ०.३ टक्क्यांच्या दरम्यानच निघाली. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला युरोत आला, तेव्हा तिथली महागाई आधीच १२ टक्क्यांच्या पुढे होती आणि त्यात चलनबदलाने घातलेली भर ०.२ ते ०.४ टक्क्यांची होती, असा अंदाज युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अभ्यासकांनी काढला. हे आकडे झाग्रेबच्या बाजारात कुणाला ऐकवले असते तर त्याने तुम्हाला भाजीच्या पिशवीसकट हाकललं असतं.

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. चलन बदलताना भाव वाढतात ते मुख्यतः कॉफी, पाव, केशकर्तन, पार्किंग अशा बारक्या, रोजच्या गोष्टींचे. फ्रिज आणि टीव्हीचे भाव फारसे हलत नाहीत. पण फ्रिज आपण दहा वर्षांतून एकदा घेतो आणि कॉफी रोज पितो, त्यामुळे मनातली महागाई कॉफीच्या मापाने मोजली जाते. शिवाय तुलना कशाशी? डोक्यात पक्क्या बसलेल्या जुन्या किमतीशी. ती किंमत आठवणीत गोठलेली असते. जुनं चलन राहिलं असतं तरी भाव वाढलेच असते, हे मन हिशेबात धरत नाही. क्रोएशियात तर युरो येऊन दोन वर्षं झाल्यावर, २४ जानेवारी २०२५ च्या शुक्रवारी, लोकांनी महागाईच्या निषेधार्थ दुकानांत पाऊलच टाकायचं नाही असं ठरवलं आणि ते लोण आसपासच्या देशांतही पसरलं.

हा अनुभव आपल्याकडेही येऊन गेलाय. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा तिथं 'हाली' रुपया चालायचा आणि इंग्रजांच्या भारतातला रुपया म्हणजे 'कलदार'. १९५० मध्ये हैदराबादेत भारतीय रुपया आला तो सात हाली बरोबर सहा कलदार या दराने. सातास सहा! युरोच्या पाच दशांश स्थळांपेक्षा बरा म्हणायचा, पण बाजारच्या दिवशी तोंडी करायला तोही सोपा नाही. हाली रुपया अधिकृतपणे रद्द व्हायला १९५९ उजाडलं. बल्गेरियाने लेव्ह आणि युरो एकत्र चालवले फक्त एक महिना, क्रोएशियाने तर दोनच आठवडे.

आता यातली एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिचा दोष नेहमी दुकानदाराच्या माथी मारला जातो. न्हाव्याचं उदाहरण घ्या. सोफियातला न्हावी आणि म्युनिकमधला न्हावी साधारण तेवढ्याच वेळात तेवढेच केस कापतात, पण म्युनिकचा कितीतरी जास्त पैसे घेतो. का? कारण म्युनिकमध्ये मोटारींच्या कारखान्यात पगार मोठे आहेत आणि न्हाव्याला तशी मिळकत झाली नाही तर तो वस्तरा ठेवून कारखान्यात जाईल. आता बल्गेरियात चांगले कारखाने आले, तिथले पगार वाढले, की सोफियातला न्हावीही दर वाढवणार. गरीब देश श्रीमंत होऊ लागला की त्याच्या सेवा महागतात. हे दुखणं नसून प्रकृती सुधारल्याचं लक्षण आहे.

स्वतःचं चलन असलं तर ही सुधारणा दोन वाटांनी बाहेर पडू शकते. एक तर भाव वाढतील, नाहीतर चलन वधारेल. चलन वधारलं तर आयात स्वस्त होते आणि पाटीवरचे आकडे फार हलत नाहीत. स्लोव्हाकियाने हे केलं. युरोत जाण्याआधी, मे २००८ मध्ये, त्यांनी आपल्या कोरुनाचा मध्यवर्ती दर युरोमागे ३५.४४२४ वरून ३०.१२६० वर आणला आणि त्याच वधारलेल्या दराने १ जानेवारी २००९ ला आत शिरले. युरोत गेल्यावर मात्र ही दुसरी वाट बंद होते. मग बरोबरी साधायची ती फक्त भाववाढीतून. म्हणून नव्या, गरीब सदस्याची महागाई जुन्या श्रीमंत सदस्यांपेक्षा वर्षानुवर्षं थोडी जास्त राहिली तर त्यात नवल नाही.

आणि गंमत बघा, आत यायची एक अट नेमकी महागाई कमी हवी हीच आहे. सगळ्यांत उत्तम कामगिरी करणाऱ्या तीन देशांच्या सरासरीपेक्षा दीड टक्क्याहून जास्त महागाई चालत नाही. बाकीच्या अटी म्हणजे सरकारी तूट देशाच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांत, कर्ज ६० टक्क्यांत किंवा त्या दिशेने उतरतं, दीर्घ मुदतीचे व्याजदर आटोक्यात आणि निदान दोन वर्षं चलनाचा दर युरोशी बांधून ठेवलेला. २००६ मध्ये लिथुआनियाची महागाई २.७ टक्के होती आणि मर्यादा होती २.६. एका दशांशाने नापास! ते पुढे २०१५ मध्ये आत आले. २०२५ मध्ये बल्गेरियाची महागाईही २.७ टक्केच होती, पण या खेपेला मर्यादा होती २.८. पास.

मिळतं काय?

फायदे सांगायला वेळ लागत नाही. क्रोएशियाच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा पर्यटनातून येतो आणि पर्यटक येतात ते बहुतांश जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटलीतून. त्यांची चलन बदलण्याची कटकट आणि कमिशन गेलं. त्याच दिवशी क्रोएशिया शेंगेनमध्येही, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न करणाऱ्या देशांच्या गटातही, आल्यामुळे सीमेवरची रांगही गेली. व्यापार किती वाढतो याबद्दल मात्र अर्थतज्ज्ञांचा उत्साह ओसरत गेला आहे. २००० साली अँड्र्यू रोझ यांनी सामायिक चलनामुळे व्यापार तिपटीने वाढतो असं मांडलं, तेव्हा केवढी खळबळ झाली होती. नंतरचे अंदाज त्याच्या कितीतरी खाली आले.

मला जास्त मोलाचा वाटतो तो दुसराच फायदा. क्रोएशियात लोकांचा आपल्या चलनावर कधीच पुरता विश्वास नव्हता. जुन्या युगोस्लाव्हियातली भडकलेली महागाई ज्यांनी भोगली, ते बचत जर्मन मार्कांत आणि पुढे युरोत ठेवू लागले. कर्जंही युरोशी जोडलेली. काहींनी व्याज कमी म्हणून स्विस फ्रँकशी जोडलेली घरकर्जं घेतली आणि जानेवारी २०१५ मध्ये फ्रँक उसळला तेव्हा हप्ते अंगावर आले. पगार एका चलनात आणि हप्ता दुसऱ्या चलनात हे किती जोखमीचं असतं ते त्यांनी पाहिलं. युरो आल्यावर पगार, बचत आणि हप्ता एकाच चलनात आले. ज्या देशात आधीच सगळे युरोत विचार करतात, त्याच्याकडे स्वतःचं चलन पाडण्याचा, म्हणजे मुद्दाम त्याचा भाव उतरवण्याचा, मार्ग तसाही नावापुरताच असतो. चलन पाडलं की आपल्याच कर्जदारांचं कंबरडं मोडणार.

हातचं जातं ते हे

चलन घसरणं म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगायचं तर साऱ्या देशाचा पगार एका रात्रीत कापणं. फक्त ती कपात कुणाच्या पगारपत्रकावर दिसत नाही. आयात महागते, निर्यात स्वस्त पडते, बाहेरचं गिऱ्हाईक परत येतं. हे औषध कडू आहे आणि सारखं घेतलं तर त्याचंच व्यसन लागतं, पण ऐन संकटात ते हाताशी असलं तर उपयोगी पडतं.

पोलंड आणि स्लोव्हाकिया हे शेजारी. स्लोव्हाकिया युरोत आला तेव्हा जागतिक मंदी नुकतीच येऊन आदळली होती. पोलंडकडे मात्र त्याचं स्वतःचं चलन होतं, झ्लॉटी. २००८ च्या उन्हाळ्यात एका युरोला साधारण ३.२० झ्लॉटी मिळत होते, फेब्रुवारी २००९ पर्यंत ४.८० च्या आसपास मिळू लागले. म्हणजे पोलंडच्या दुकानातली १०० झ्लॉटींची खरेदी आधी ३१ युरोंना पडायची, ती २१ युरोंना पडू लागली. स्लोव्हाक कुटुंबं गाड्या काढून सीमेपलीकडे किराणा भरायला जाऊ लागली. हंगेरीचा फोरिंटही घसरला होता, त्यामुळे दक्षिणेकडेही तेच. स्वतःच्या गावातला दुकानदार मात्र माशा मारत बसलेला. २००९ मध्ये स्लोव्हाकियाची अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आकसली आणि संपूर्ण युरोपीय संघात न आकसलेला एकच देश होता, पोलंड. याचं सगळं श्रेय झ्लॉटीला देणं बरोबर होणार नाही, पोलंडची घरची बाजारपेठ मोठी आहे. शिवाय स्लोव्हाकियाही पुढच्याच वर्षी सावरला, त्याच्या मोटार कारखान्यांनी त्याला उचललं. पण त्या एका हिवाळ्यात फरक डोळ्यांना दिसत होता.

ग्रीसची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीक सरकारला कर्जावर वीस टक्क्यांहून जास्त व्याज मोजावं लागत होतं. २००१ मध्ये युरोत आल्यावर ते पाच टक्क्यांच्या आसपास आलं, जणू ग्रीस म्हणजे जर्मनीच. स्वस्त पैसा दारात आला की सरकारं काय करतात ते वेगळं सांगायला नको. आत येताना तूट ३ टक्क्यांत आहे असं सांगितलं होतं, ती तशी नव्हती हे २००४ मध्ये उघड झालं. २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचं बचाव-कर्ज घ्यावं लागलं. चलन पाडता येत नव्हतं, म्हणून पगार आणि पेन्शनच कापावे लागले, पगारपत्रकावर सगळ्यांना दिसतील असे. अर्थव्यवस्था चौथाईने आकसली, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली.

चलनाबरोबर दुसरी एक गोष्ट जाते ती म्हणजे व्याजदर. तो फ्रँकफुर्टला, युरोपीय मध्यवर्ती बँकेत, ठरतो आणि सगळ्यांना एकच. ऑगस्ट २०२२ मध्ये एस्टोनियातली महागाई २५ टक्क्यांवर गेली होती आणि फ्रान्समध्ये ती ६-७ टक्के होती. एकाच दराने दोघांचा ताप कसा उतरायचा? फ्रान्ससाठी पुरेसा दर एस्टोनियाला पाण्यासारखा पातळ. आयर्लंड आणि स्पेनला २००८ च्या आधी नेमका असाच, त्यांच्या मानाने फारच स्वस्त व्याजदर मिळाला होता आणि त्यातून घरांच्या किमतींचा फुगा झाला.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे तरी रेपो दर गडचिरोलीला वेगळा आणि पुण्याला वेगळा कुठे असतो? बरोबर. रुपया हाही एक चलनसंघच आहे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मुंडेल यांनी १९६१ मध्ये हाच प्रश्न विचारला होता की एक चलन नेमक्या किती मुलखाला शोभतं. त्यांचं उत्तर साधारण असं, की जिथं काम नसेल तिथून माणसं काम असेल तिथं सहज जाऊ शकत असतील, तर एक चलन चालतं. पुढच्या अभ्यासकांनी त्यात सामायिक तिजोरीची भर घातली. बिहारचा माणूस मुंबईत येतो, केंद्राच्या करांतला वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने बिहारला जातो. कुरकुर होते, पण पैसा जातो. युरोपीय संघाचं अंदाजपत्रक सगळ्या देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का आहे, त्यातून कुणाला सावरणार? आणि माणसं जातात ती परत येतीलच असं नाही. ऐंशीच्या दशकात नव्वद लाखांच्या घरात असलेला बल्गेरिया २०२१ च्या जनगणनेत ६५ लाखांवर आला होता. घटलेले जन्म हे एक कारण, पण जर्मनीला आणि स्पेनला गेलेली तरुण पिढी हेही आहे.

मग बल्गेरियाने काय गमावलं?

जवळपास काहीच नाही, कारण गमावण्यासारखं त्यांच्याकडे उरलंच नव्हतं. १९९६-९७ मध्ये तिथल्या बँका कोसळल्या. एकट्या फेब्रुवारी १९९७ मध्ये भाव तिपटीहून जास्त झाले. मग जुलै १९९७ मध्ये त्यांनी लेव्हला जर्मन मार्काशी करकचून बांधून टाकलं, हजार लेव्हला एक मार्क. दोन वर्षांनी तीन शून्यं उडवली आणि एक लेव्ह बरोबर एक मार्क झाला. मध्यवर्ती बँकेकडे जितकी परकी गंगाजळी असेल तितकेच लेव्ह छापायचे, त्याहून एकही जास्त नाही, असा कायदा. पुढे मार्क इतिहासजमा झाला, पण त्याचा युरोशी ठरलेला दर होता १.९५५८३. वर कॉफीच्या भागाकारात वापरला तो हाच. मार्क मेल्यावर चोवीस वर्षं त्याचा दर लेव्हच्या रूपाने जगत होता.

म्हणजे या काळात फ्रँकफुर्टचा व्याजदर बल्गेरियाला मुकाट्याने सोसावा लागत होताच, फक्त तो ठरवणाऱ्या खोलीत त्यांची खुर्ची नव्हती. आता ती आली. मतदान मात्र पाळीने असतं. पाच मोठ्या देशांत मिळून चार मतं आणि उरलेल्या सोळा देशांत मिळून अकरा, म्हणून काही महिने बल्गेरियाचे गव्हर्नर बोलतील, पण मत देणार नाहीत. तरी दाराबाहेर उभं राहण्यापेक्षा हे बरं. २०२४ अखेरीस देशाच्या उत्पन्नाच्या २४ टक्क्यांच्या आसपास असलेलं सरकारी कर्ज पाहता ग्रीसची वाट धरायला त्यांना वेळ लागेल. स्वस्त कर्जाचा मोह मात्र ग्रीसइतकाच समोर आहे आणि वारंवार कोसळणारी सरकारं पाहता मला काळजी वाटते ती त्याची.

खुर्चीबरोबर वर्गणीही येते. संकटातल्या देशांसाठी जो सामायिक निधी आहे त्यात नव्या सदस्यालाही भर घालावी लागते. २०१० मध्ये ग्रीसला पहिलं कर्ज द्यायची वेळ आली तेव्हा स्लोव्हाकियाने आपला वाटा द्यायला चक्क नकार दिला. त्यांचा सवाल साधा होता की आमचे पगार ग्रीकांपेक्षा कमी आणि त्यांच्या उधळपट्टीचं आम्ही भरायचं? पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, बचाव-निधी वाढवण्याच्या ठरावावर पंतप्रधान इवेता रादिचोवा यांचं सरकारच पडलं. दोन दिवसांनी तोच ठराव विरोधकांच्या मतांनी मंजूर झाला, बदल्यात लवकर निवडणुका घ्यायच्या ठरल्या. बल्गेरिया या संघातला सर्वांत गरीब देश आहे, तेव्हा हा प्रश्न सोफियाच्या संसदेत कधी ना कधी येणारच.

घरात राहून गेलेले लेव्ह बल्गेरियाची मध्यवर्ती बँक कितीही वर्षांनी बदलून देणार आहे, नोटाही आणि नाणीही. क्रोएशियात 'कुना' या जुन्या चलनाच्या नोटांना अशीच कायमची मुभा आहे, नाण्यांना मात्र तीनच वर्षं होती. ती मुदत संपली ३१ डिसेंबर २०२५ ला, बल्गेरियात युरो यायच्या आदल्या रात्री.